पाठ उचलायची नाही

आबा, तुम्हाला लिहायचं म्हणून बसलो आणि पहिल्यांदा डोळ्यांपुढं आल्या त्या वॉर्डाच्या खिडकीत ओळीनं मांडलेल्या काचेच्या बाटल्या. त्यांत तुमची लघवी होती. बापाला लिहायच्या पत्राची ही काही बरी सुरुवात नव्हे, पण तुमच्यामाझ्यात गोड बोलायची रीत कधी नव्हतीच, ती आता कुठून आणू? तुम्ही होता तोवर मी पत्र का लिहिलं नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. पुण्याहून टाकलेलं कार्ड शाळेच्या ओट्यावर मास्तर मोठ्यानं वाचायचे आणि 'माझी तब्येत बरी आहे' एवढ्या मजकुरावरसुद्धा चार माणसं आपापलं मत द्यायची. आता मास्तर गेले, ओट्यावर बसणारे गेले, तुम्ही तर त्या सगळ्यांच्या आधी गेलात. तेव्हा लिहायला आता कुणाची भीती नाही. माझं मलाच वाचायचं आहे.

मी नर्स झालो हे गावात सांगणं तुम्हाला जड गेलं होतं. मुठा नदीच्या खोऱ्यात त्या काळी नर्स म्हणजे पांढऱ्या कपड्यातली बाई. तुम्ही लोकांना सांगायचात, "पोरगा पुन्याच्या दवाखान्यात कंपौंडर हाय." मी कधी खोडून काढलं नाही. बाटल्या भरणारा माणूस आणि बेडपॅन उचलणारा माणूस यांत गाव कुणाला राम राम घालील, हे मलाही कळत होतं. तुम्ही पहिल्यांदा वॉर्डात आलात तेव्हा घटकाभर नुसते ऐकत बसलात. नर्सबाईला सगळे सिस्टर म्हणत होते, मला ब्रदर, झाडूवाल्याला मामा, आयाबाईला मावशी. मग हळूच म्हणालात, "समदं गनगोतच भरलंय की रं हितं. मंग सोयरीक करायला कुटं जायाचं?" सिस्टर हसल्या. त्या हसलेल्या मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या.

पानशेतचं धरण फुटून दीडएक वर्ष झालं होतं. संक्रांतीला घरी आलो तेव्हा तुमच्यात काहीतरी बिघडलंय हे मला आधी ऐकू आलं, दिसलं नंतर. वाक्याचा शेवटचा शब्द तुम्ही गिळत होतात. बैलाला हाक मारताना मधेच दम घेत होतात. मग सकाळी उजेडात पाहिलं तर डोळ्यांखाली सूज, आणि नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडला तो बराच वेळ भरेना. लघवीला फेस येतो का विचारलं तर म्हणालात, "त्यात काय बगायचं? ताकाला बी येतो." गावच्या वैदूचा पाला चालू होता. मी फाल्गुनात तुम्हाला पुण्याला बोलावून घेतलं. तुम्ही डॉक्टरांसाठी आंबेमोहोराचं गाठोडं घेऊन आलात आणि आठ दिवसांत तुमच्या मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासायचं ठरलं.

ती तपासणी आमच्याकडं नुकतीच सुरू झाली होती. परदेशात शिकून आलेले डॉक्टर ती करत. पाठीतून लांब सुई घालायची, तिच्या आत दुसरी, तिला टोकाशी चिमट्यासारखी दोन पाती. मूत्रपिंडाचा तुकडा त्या पात्यांत धरून बाहेर आणायचा. सुई हे डॉक्टरांचं काम, आणि ते पाच मिनिटांचं. पुढचे चोवीस तास आमचे. रोग्यानं उताणं, सपाट पडून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही, खोकायचं नाही. आम्ही पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब बघायचा, मग अर्ध्या तासानं. भरपूर पाणी पाजायचं. आणि प्रत्येक वेळची लघवी वेगळ्या बाटलीत धरून, वर वेळेची चिठ्ठी लावून, खिडकीत उजेडाला ओळीनं ठेवायची. पहिली लाल असली तरी चालते, पण दुसरी तिच्याहून फिकी हवी आणि तिसरी त्याहून. उलटं झालं तर आत रक्त वाहतंय. मी तोवर असे दोनच रोगी पाहिले होते. त्यांतला दुसरा, चांगला धट्टाकट्टा शिंपी, दिवेलागणीला 'जरा मोरीपर्यंत जातो' म्हणून उठला आणि व्हरांड्यात कोसळला. रक्ताच्या बाटल्या लावून लावून कसाबसा वाचला. त्याच्या पाठीवर उशी दाबून धरणारा मी होतो. तेव्हापासून 'जरा मोरीपर्यंत' हे शब्द कुणाच्या तोंडून ऐकले की मी हातातलं टाकून धावायचो.

आदल्या दुपारी तुम्हाला सांगितलं. तुम्ही कॉटवर मांडी घालून बसला होता. पाय खाली सोडून बसणं तुम्हाला कधी जमलं नाही.

"उद्या सकाळपासनं परवा सकाळपातूर?" तुम्ही विचारलंत. "उतानं? आन मुतायला?"

"पडल्या पडल्या. मी भांडं देतो."

"तू?"

"मी नसलो तर सिस्टर देतील."

"त्यापरीस मेल्यालं बरं."

शेजारच्या कॉटवर कावीळ झालेला एक टांगेवाला होता. त्याला दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घातल्याशिवाय अन्न जात नसे. तो म्हणाला, "अहो पाव्हणं, माझा घोडा बी उभ्यानंच मुततो. पण त्याला कुणी अजून खाटेवर टाकलं नाही, म्हणून त्याचं चाललंय." त्यावर तुम्ही म्हणालात, "घोड्याला आब हाय." आणि मला म्हणालात, "घटकाभर पडंन. पाठ आंबली का उठंन. मी काय मढं हाय व्हय, चोवीस तास पडायला?"

इथं मी जे केलं ते सांगायला मला साठ वर्षांनी पण जीभ उचलत नाही, म्हणून लिहितो. मी तुमचा उजवा हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "म्हणा, परवा सकाळपातूर पाठ उचलायची न्हाई. माझी शपथ." तुम्ही हात काढून घ्यायला लागलात, तो मी दोन्ही हातांनी दाबून धरला.

आपल्या खोऱ्यात पोराच्या डोक्यावरची शपथ म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. ती मोडली तर ते डोकं जातं. ज्यानं घातली त्यानं स्वतःच्या तोंडानं 'सुटली' म्हटलं तरच माणूस मोकळा. आणि आपल्या घराला तर याचा चटका बसलेला. शिमग्याला तुम्ही माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली होती आणि आखाडीला पुन्हा घेतली. श्रावणात थोरला तापानं गेला, नऊ वर्षांचा. आई तुमच्या तोंडावर कधी बोलली नाही. पण भाकरी थापता थापता तव्याशी बोलल्यासारखी म्हणायची, "द्येव इसरत न्हाई." माझे कान तिखट, मी ओसरीवरून ऐकायचो, आणि तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता हेही मला ऐकू यायचं. तुमचं ते गप्प होणं. मी हॉस्पिटलात तीन वर्षं शिकलो, मला तापाची कारणं पाठ होती, तरी मी तुमच्यावर वापरायला नेमकं तेच काढलं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. तोंड एकदम म्हातारं झालं. हळू आवाजात म्हणालात, "न्हाई उचलायचा." आणि मी मनात म्हटलं, बसली. खुंटी घट्ट बसली. मला वाटलं मी मोठा हुशार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला टेबलावर पालथं झोपवलं, पोटाखाली वाळूची पिशवी. डॉक्टरांनी आधी एक बारीक सुई घालून ठाव घेतला. ती सुई मूत्रपिंडात शिरली की श्वासाबरोबर हलायला लागते. तुमच्या पाठीवर ती खाचरातल्या लोंबीसारखी डुलत होती. मी तुमचा खांदा धरून उभा होतो. "श्वास घ्या. धरा," डॉक्टर म्हणाले, आणि तुम्ही असा धरलात की डॉक्टरच 'सोडा' म्हणायला विसरले. पाती मिटल्याचा आवाज बारीक असतो, कोवळी काकडी दातानं तोडावी तसा. तो मला ऐकू आला. शेवयीच्या तुकड्याएवढं काहीतरी चिमट्यानं उचलून औषधाच्या बाटलीत टाकलं. डॉक्टरांनी जखमेवर हातानं दाब दिला, पट्टी लावली, आणि आम्ही चौघांनी तुम्हाला एकसंध, ओंडक्यासारखं वळवून उताणं केलं. साडेदहा वाजले होते.

तुम्ही हलला नाहीत. हलला नाहीत म्हणजे कसे, तर मान वळवायलासुद्धा भ्यायलात. माशी नाकावर बसली तर फुंकर मारायचात, हात उचलायचा नाही. टांगेवाला म्हणाला, "पाव्हणं, पाठ म्हणालेत, हात नव्हे," तरी नाही. सिस्टर दर तासाला पाणी आणायच्या. पाणी देणाऱ्या बाईला नाही म्हणू नये ही आपल्याकडची रीत, तेव्हा तुम्ही प्रत्येक पेला संपवलात. मी नाडी बघून तक्त्यावर मांडत होतो. शहात्तर. अठ्ठ्याहत्तर. शहात्तर. बारा वाजता मी पडदा ओढून भांडं दिलं. तुम्ही छताकडं बघत पडून राहिलात. थोड्या वेळानं म्हणालात, "न्हाई व्हत." एक वाजता पुन्हा. दोन वाजता सिस्टरांनी नेहमीचे उपाय केले: नळ बारीक सोडून ठेवला, ओटीपोटावर कोमट पाण्याची घडी ठेवली. तुम्ही दात आवळून म्हणालात, "बाई, नळ बंद करा. पानी वाया चाललंय."

तीन वाजता नाडी नव्वद. सव्वातीनला शहाण्णव. कपाळावर घाम. इथं मी अडकलो, आबा. ही नाडी तुंबलेल्या मूत्राशयानं चढली की आत रक्त वाहतंय म्हणून, ते लघवी बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि लघवी होत नव्हती. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला उभे होते. त्यांनी आतूनच निरोप दिला की कुशीवर वळवून बघा, मागं उशा लावा, बसवू मात्र नका. बऱ्याच जणांना तेवढ्यानं होतं. सिस्टर आणि मी तुमच्या दोन बाजूंना आलो.

"आबा, कुशीवर वळायचं हां," सिस्टर म्हणाल्या.

"न्हाई."

"डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डाक्टरानं सांगू द्या, न्हाईतर द्येवानं. परवापातूर… उद्यापातूर पाठ उचलायची न्हाई." वेदनेनं तुमचा दिवस चुकला, पण शपथ चुकली नाही.

सिस्टरांना वाटलं तुम्ही लाजताय. त्यांनी मावशीला बाहेर घालवलं, दुसरा पडदा लावला. मग पोटावर हात ठेवून पाहिला. मूत्राशय बेंबीपर्यंत आलं होतं, ढोलकीसारखं. "नळी घालावी लागेल," त्या मला म्हणाल्या. तुम्हाला ते ऐकू गेलं. "घाला," तुम्ही म्हणालात. "नळी घाला, सुई घाला, काय बी घाला. पर पाठ न्हाई."

मी एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं. तो शब्द माझ्या जिभेवर होता. पण मला त्या शिंप्याचा व्हरांडा दिसत होता. शपथ काढून घेतली की तुम्ही उठणार, माझ्याकडं बघणारसुद्धा नाही, धोतर सावरून मोरीकडं चालायला लागणार, अशी माझी खात्री होती. म्हणजे शपथ ठेवली तर तुम्ही तुंबून मरताय आणि काढली तर रक्त जाऊन. आणि सिस्टरांना सांगावं तर माझी अब्रू. मी हातात रिकामं भांडं धरून उभा होतो आणि नळ तसाच वाहत होता.

पडद्यापलीकडून टांगेवाल्यानं माझा निकाल लावला. "सिस्टर, ते नाही वळायचे. काल लेकानं डोक्यावर हात ठेवून शपथ घातलीय त्यांना. मी बघितलंय. ते मोडतील का? पोटचा गोळा आहे."

सिस्टर माझ्याकडं वळल्या. नगरकडच्या ख्रिस्ती बाई, केस पिकलेले, आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांचा आवाज उतरला की आम्ही घाबरायचो. "ब्रदर, खरं आहे?"

"हो."

"हे मी शिकवलं तुम्हाला?"

"नाही सिस्टर. पण त्यांनी ऐकलं नसतं. आता सुटली म्हटलं तर उठून चालायला लागतील."

"का पडून राहायचं, ते सांगितलं होतंत त्यांना?"

सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही तपासणीलाच नाही म्हणाला असता, हे मी ओळखून होतो.

"मग आता सांगा," त्या म्हणाल्या. "आधी सांगा आणि मग सोडवा. ते उठले तर बघू, आपण दोघं आहोत. पण माणसाला असं खुंट्याला बांधून माझ्या वॉर्डात मी कुणाला मरू देणार नाही. आणि नळ बंद करा, ते बरोबर सांगतायत."

मी नळ बंद केला. तुमच्या कानाशी बसलो. हॉस्पिटलातला एकही शब्द सुचेना, सगळं खोऱ्यातलंच आलं. म्हणालो, आबा, त्या सुईनं आत भोक पडलंय. खाचराच्या बांधाला भोक पडलं तर आपण चिखलाचा गोळा लावतो आणि तो आवळून येईस्तोवर बांधावर कुणाला पाय ठेवू देत न्हाई. तसा तितं रक्ताचा गोळा बसलाय. तुमी उठलात, भार पडला, तर तो निसटंल आन समदं रक्त आतल्या आत वाहून जाईल. कुशीवर वळलं तर भार पडत न्हाई. म्हणून डाक्टर वळा म्हणत्यात, उठू नका म्हणत्यात. आणि मग म्हणालो, "आबा, सुटली. माझी शपथ सुटली."

तुम्ही डोळे मिटलेत. मी दोन्ही हात तयार ठेवले, तुमचे खांदे धरायला. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडं बघितलंत, आणि खोकला येऊ नये म्हणून आवाज दाबून म्हणालात, "आरं मंग ह्ये आदी सांगायचं का न्हाई? मला काय बांधाची अक्कल न्हाई व्हय?"

पडद्यापलीकडं टांगेवाला फिस्सकन हसला. सिस्टर म्हणाल्या, "टांगेवाले, तोंड तिकडं."

"वळवा," तुम्ही म्हणालात. आम्ही वळवलं, पाठीशी उशा लावल्या. मी भांडं पुढं केलं. तुम्ही माझा हात बाजूला सारलात. "तू भाईर हो."

"आबा, माझं कामच हाय ते."

"आसंल. तू भाईर हो. ह्या बाई ऱ्हाऊ देत."

बापाचं भांडं पोरानं धरू नये, परक्या बाईनं धरलेलं चाललं. मी पडद्याबाहेर उभा राहिलो. टांगेवाला माझ्याकडं बघत होता, मी भिंतीकडं. आधी काहीच नाही. मग एनॅमलच्या भांड्यावर एक थेंब, दुसरा, मग बारीक धार, तुटली, पुन्हा लागली, आणि मग लागली ती थांबेचना. आयुष्यात मी पुष्कळ गाणंबजावणं ऐकलं आहे, पण त्या धारेइतक्या लक्षपूर्वक काही ऐकलं नसेल. आत सिस्टर म्हणत होत्या, "सावकाश, आबा, सावकाश. घाई नाही." आणि तुम्ही, ज्यांनी आईशीसुद्धा कधी दोन वाक्यं सलग बोलली नाहीत, त्यांना सांगत होता, "बाई, त्याचं मनावर घिऊ नगा. त्याला वाटतं बापाला काय बी कळत न्हाई." हे मला ऐकू येऊ नये म्हणून तुम्ही हळू बोललात. मला ऐकू आलं.

पहिली बाटली लाल होती, कोकमाच्या सारासारखी. मी तिच्यावर वेळेची चिठ्ठी लावली आणि ती खिडकीत ठेवली. पण अर्ध्या तासात नाडी चौऱ्याऐंशीवर आली, तासाभरात अठ्ठ्याहत्तर. दुसरी बाटली दिवे लागायच्या सुमारास, चहासारखी. तिसरी त्याहून फिकी. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत सहा बाटल्या होत्या आणि त्यांतून ऊन येत होतं; शेवटची गवताच्या काडीच्या रंगाची. एवढ्या वेळात तुम्ही शपथेशिवाय पडून होता, आणि शपथ असताना पडला होता त्यापेक्षा निवांत. हात हलवत होता, माशी हाकलत होता, टांगेवाल्याला घोड्याच्या खुराचं औषध सांगत होता. फक्त पाठ उचलली नाहीत. साडेदहाला मी म्हणालो, आता उठा, तर म्हणालात, "त्या बाईस्नी इचार आदी."

पुढचे पंधरा दिवस ओझं उचलायचं नव्हतं. मी रजा काढून बरोबर आलो. एसटीतून उतरल्यावर भावकीतले चार जण घोंगडीची डोली बांधून आले होते. ती बघून तुम्ही म्हणालात, "चौघांच्या खांद्यावर एकदाच जाईन," आणि दोन कोस चालत आलात, रस्त्यावरच्या दर मोरीच्या कठड्यावर बसत. राब भाजायचे, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून घ्यायचे दिवस होते. त्यावर पसरायच्या कवळाचा, तोडलेल्या डहाळ्यांचा, एक भारा तुम्ही उचलला नाहीत. बांधावर बसून उचलणाऱ्यांना शिव्या घातल्यात. पाठीवरची पट्टी बघायला माणसं यायची, त्यांना तुम्ही आतलं भोक आणि चिखलाचा गोळा समजावून सांगायचात, माझ्यापेक्षा चांगलं. कुणीतरी म्हणालं, "कंपौंडर पोरगा म्हणून झालं." तुम्ही म्हणालात, "कंपौंडर कसला. तितल्या एका बाईच्या हाताखाली हाय. ती शिकवती त्याला."

अहवाल आला. मूत्रपिंडात चट्टे पडले होते, ते भरून येणारे नव्हते, त्यावर तेव्हा औषध नव्हतं. मीठ बंद करायचं, पाणी मोजून प्यायचं, एवढंच. ते तर आम्ही तुकडा न काढताही सांगितलं असतं. तुम्ही पावणेदोन वर्षं अळणी भात खाल्लात आणि दुसऱ्या पौषात गेलात. मला तार मिळून मी पोचेपर्यंत चौघांनी तुम्हाला उचललेलं होतं.

माझं पुढं बरं झालं. डॉक्टरांच्या त्या कामावर मला कायमचं घेतलं. शेकड्यांनी रोगी मी तसे उताणे झोपवले आणि एकाला पण शपथ घातली नाही. नंतर घरोघर नर्स पुरवायचा माझा स्वतःचा धंदा झाला. आता तो मुलगी बघते. मी भूगावच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून तिचे फोन ऐकतो आणि न विचारता सल्ले देतो. नव्या पोरापोरींना मी पहिल्या दिवशी एकच सांगतो, की रोग्याला आधी सांगा, मग हात लावा. त्याला समजेल अशा भाषेत सांगा, कारण त्याला कसली ना कसली अक्कल असतेच. ती माना डोलावतात. मला वाटायचं एवढ्यानं फिटलं.

पण आबा, एक गोष्ट सिस्टरांनाही कळली नव्हती. तपासणी तुमच्या येण्यानंतर आठ दिवसांनी ठरली असं मी वर लिहिलं, ते तसं नाही. डॉक्टरांना त्या सुईसाठी रोगी हवे होते आणि कुणी तयार होत नव्हतं. तुम्ही आलात त्याच दिवशी सकाळी राउंड संपल्यावर ते मला म्हणाले होते, "ब्रदर, तुमच्या वडिलांच्या सुजेचं सांगत होतात. औषध निघेलच असं नाही, पण ते तपासून घ्यायला तयार होतील का?" त्यांना माझं नाव तोवर माहीत नव्हतं, ते त्यांनी विचारून घेतलं. मी म्हणालो, "तयार आहेत, सर." तुम्ही त्या वेळी आंबेमोहोराचं गाठोडं मांडीवर घेऊन एसटीत बसला होता, सुजेच्या गोळ्या घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं म्हणून.